जिप्सीत डिझेल इंजिन, आरसीवर पेट्रोल

प्रश्न: माझ्याकडे २००६ ची पेट्रोल जिप्सी किंग आहे, एमएच १३ पासिंगची. मोहोळ तालुक्यात शेती आहे, आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर ऑफ-रोडिंगला जातो. पेट्रोल परवडेना, चढाला गाडी दम टाकायची, म्हणून गेल्या दिवाळीत सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्याकडून अपघातातल्या स्विफ्टचं १.३ डिझेल इंजिन बसवून घेतलं. २ लाख ४० हजार गेले. त्यातले एक लाख यूपीआयने, बाकी रोख. ‘आरसीवर डिझेल चढवून देतो, काळजी करू नका दादा’ असा त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आहे. चढवलं काहीच नाही. मागच्या महिन्यात पुणे हायवेला आरटीओच्या पथकाने बॉनेट उघडायला लावलं, इंजिन नंबर बघितला आणि चलन फाडलं. आता ‘नोंदणी रद्द का करू नये’ अशी नोटीस आली आहे, पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय. यंदा आरसीचं नूतनीकरणही आहे. माझ्या मामांच्या जुन्या जीपला मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे आणि त्यांच्या आरसीवर तशी नोंद आहे. मग मलाच का नाही? गाडी फक्त शेतात वापरली तर चालेल का? गॅरेजवाल्याकडून पैसे परत मिळतील का?

उत्तर: आधी मी विचारतो. जिप्सीचं मूळ पेट्रोल इंजिन कुठे आहे? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि सगळं प्रकरण त्याच्यावर उभं आहे. ते गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं असेल तर हे वाचून झाल्यावर आजच टेम्पो घेऊन जा आणि घरी आणा. बसवणारा माणूस बऱ्याचदा जुनं इंजिन ‘ठेवून घेतो’ आणि महिन्याभरात ते भंगारात जातं. गेलं असेल तर कोणाला विकलं, पावती आहे का, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

याचं कारण तुम्हाला आलेल्या नोटिशीत आहे. ती बहुधा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५(५) खालची असणार. नोटिशीवर कलम बघून घ्या. हे कलम सांगतं की गाडीच्या इंजिनावर किंवा चासीवर कोरलेला नंबर आरसीतल्या नंबरापेक्षा वेगळा निघाला, तर नोंदणी अधिकाऱ्याने मालकाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारणं लेखी नोंदवायची आणि नोंदणी रद्द करायची. ‘करू शकतो’ असं तिथे नाही. तुमच्यासारखे लोक माझ्याकडे येतात तेव्हा ‘साहेब, डिझेल लावणं म्हणजे अल्टरेशन होतं का’ यावर तासभर बोलायची त्यांची तयारी असते. तो वाद पुढचा. पथकाने बॉनेट उघडून नंबर वाचला आणि तो जुळला नाही, एवढ्यावर आरटीओचं काम भागतं.

पण याच कलमात तुमची वाटही आहे. अधिकाऱ्याने निर्णय द्यायच्या आधी मूळ इंजिन परत बसलं, गाडी त्यांच्यासमोर उभी राहिली आणि नंबर आरसीशी जुळला, तर रद्द करायचं मुख्य कारणच उरत नाही. अधिकारी ऐकतीलच अशी हमी मी देत नाही, पण माझ्या मते तुमच्या हातात यापेक्षा भक्कम बाजू दुसरी नाही. म्हणून खुलासा वेळेत द्या आणि त्यात तीनच गोष्टी मांडा: बदल झाला हे खरं, गाडी मूळ स्थितीत आणतो आहोत, त्यासाठी मुदत आणि नंतर तपासणीची तारीख द्यावी. सोबत जुन्या इंजिनाच्या नंबराचा स्पष्ट फोटो आणि ते बसवून देणाऱ्या गॅरेजचं कोटेशन जोडा. ‘मी घेतली तेव्हापासूनच असं होतं’ असलं काही लिहू नका. दिवाळीचा यूपीआय व्यवहार तुमच्याच खात्यात दिसतो. आणि खुलासा आवकमध्ये देऊन पोच घ्या, नुसता टेबलावर ठेवून येऊ नका.

आता मामांची जीप. इथे मामाही बरोबर आहेत आणि आरटीओही. १९८८ च्या कायद्यातलं मूळ कलम ५२ आजच्यापेक्षा वेगळं होतं. नोंदणी अधिकाऱ्याला आगाऊ कळवा, मंजुरी घ्या, मग बदल करा, अशी त्याची रचना होती. त्या काळात पेट्रोल जीपला डिझेल इंजिन चढवून आरसीवर रीतसर नोंद करून घेतलेल्या गाड्या बार्शी-पंढरपूरकडे आजही भेटतात. २००० सालच्या दुरुस्तीने हे कलम नव्याने लिहिलं गेलं. आता निर्मात्याने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी आरसीतले तपशील विसंगत होतील, असा बदल मालकाला करता येत नाही. इंधन बदलायची एक खिडकी ठेवली आहे, पण ती कन्व्हर्जन किटपुरती: सीएनजी, एलपीजी, बॅटरी वगैरे, आणि तीही ठरवून दिलेल्या अटींवर. दुसऱ्या कारचं अख्खं इंजिन उचलून बसवणं म्हणजे किट नव्हे.

२०१९ च्या ९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात (रीजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर विरुद्ध के. जयचंद्र) हे आणखी पक्कं केलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली प्रत्येक मॉडेलच्या नमुना गाडीची चाचणी आधी झालेली असते. ती ज्या स्पेसिफिकेशनवर पास झाली, त्याच्या पलीकडे मालकाला जाता येत नाही. तुमच्या जिप्सीचं १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन साधारण १०३ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ओढ, देतं आणि स्विफ्टचं १२४८ सीसीचं डिझेल १९०. चढाला मजा येते ती त्यामुळेच, हे कबूल. पण गिअरबॉक्स, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक, पुढच्या ॲक्सलवरचं वजन, यांची चाचणी १०३ वाल्या गाडीची झाली होती. मारुतीने आपल्याकडे जिप्सी डिझेलमध्ये कधी विकलीच नाही, त्यामुळे ‘कंपनीचंच दुसरं व्हेरियंट आहे’ असं म्हणायलाही जागा नाही.

थोडक्यात, या गाडीच्या आरसीवर डिझेल चढणार नाही. ‘चढवून देतो, वर एवढे लागतील’ म्हणणारे एजंट तुम्हाला भेटतील, नूतनीकरणाच्या वेळी तर हमखास. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या माहितीवर मिळवलेली नोंद हे त्याच ५५(५) मधलं नोंदणी रद्द करायचं दुसरं कारण आहे. आणि नंबर घासून त्यावर पेट्रोल इंजिनाचा नंबर पंच करून देणारा कोणी भेटला, तर तिथून उठून घरी या. आज तुमच्यावर आहे ते मोटार वाहन कायद्याचं प्रकरण. पंच मारलात की पोलीस स्टेशन सुरू होतं.

मूळ इंजिन भंगारात गेलंच असेल तर? मग त्याच मेकचं, त्याच टाइपचं दुसरं पेट्रोल इंजिन शोधा. सैन्याच्या लिलावातल्या जिप्सींमुळे ही इंजिनं अजून मिळतात. मात्र आधी आरटीओकडे लेखी परवानगी मागा, मगच बसवा. विकणाऱ्याचं बिल, ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याची प्रत, आणि जुन्या इंजिनाचं काय झालं याचं प्रतिज्ञापत्र, एवढं सोबत ठेवा. बदललेल्या नंबराची नोंद आरसीवर झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

हीच कागदांची गोष्ट स्विफ्टच्या इंजिनालाही लागू आहे, आणि तुम्ही ती विचारलीच नाहीत. ते इंजिन खरंच अपघातातल्या गाडीचं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? गॅरेजवाल्यानेच ना? त्याच्याकडून त्या स्विफ्टचा नोंदणी क्रमांक आणि खरेदीचं बिल घ्या. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं, तर पहिला प्रश्न ज्याच्या बॉनेटखाली सापडलं त्याला विचारला जाईल. काढल्यावरही ते बिनकागदी विकू नका.

चलनाचं बघू. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. त्याच्या पोटकलम (४) प्रमाणे बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘प्रत्येक बदलामागे’ हे नीट वाचा. ऑफ-रोडिंगची जिप्सी म्हटल्यावर पुढे बुलबार, म्हणजे बंपरवरचा लोखंडी गार्डही असणार. तो बसवू देऊ नका असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. तपासणीला जायच्या आधी काढून ठेवा. गुन्हा तडजोडपात्र आहे, त्यामुळे कोणी तुरुंगात जात नाहीये, घरच्यांना सांगून टाका. पण दंड भरला म्हणजे डिझेल इंजिन कायदेशीर झालं, हा समज काढून टाका. चलन मिटलं तरी नोटिशीचं प्रकरण वेगळं चालतं.

पीयूसीबद्दल तुम्ही गप्प आहात, त्यावरून मला जे वाटतं ते खरं असेल तर ते सर्टिफिकेट खुलाशाला जोडू नका. पेट्रोल गाडीच्या पीयूसीवर कार्बन मोनॉक्साइडचे आकडे असतात, डिझेलच्या पीयूसीवर धुराच्या घनतेचे. दिवाळीनंतरच्या तारखेचं पीयूसी पेट्रोलचं असेल तर ते खोटं आहे, आणि ते बॉनेट उघडणाऱ्या अधिकाऱ्यालाही कळतं.

शेतात वापरायचं म्हणता. कलम ३९ मध्ये नोंदणीशिवाय गाडी ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कोणत्याही ठिकाणी’ चालवायला मनाई आहे. सूट आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायलाच खास बनवलेल्या वाहनांना. जिप्सी त्यात बसवणं अवघड आहे. शिवाय मोहोळच्या वस्तीवरून बांधापर्यंत जाताना शिवरस्ता लागतोच, आणि तो तुमच्या सात-बाऱ्यावर नसतो. बाकी ऑफ-रोडिंग म्हणजे उजनीच्या गाळपेरावर (धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर) किंवा नान्नजच्या माळावर गाड्या घालणं असेल, तर पहिली जमीन सरकारी आहे आणि दुसरीकडे माळढोकचं अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय शिरलात तर वन्यजीव संरक्षण कायदा लागतो, आणि त्यापुढे आरटीओची नोटीस बरी वाटेल.

मला खरी काळजी वाटते ती विम्याची. पॉलिसीवर पेट्रोल जिप्सी आहे. रस्त्यावर उभी आहे ती दुसरीच गाडी. स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारेल हे गृहीत धरा. कोणी तिसरा माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण विमा कंपनीला ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगू शकतं. कमावत्या माणसाच्या मृत्यूची भरपाई किती होते हे सोलापूर कोर्टात एखादा दिवस बसून ऐका. वसुली आली की ती जमिनीपर्यंत पोचते. म्हणून गाडी आजपासून घराबाहेर काढू नका. गॅरेजला न्यायची तर टोइंगवर न्या.

राहिला गॅरेजवाला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. त्याआधी वकिलामार्फत नोटीस पाठवा. तुमचा जोर त्या मेसेजवर आहे: नोंद करून देण्याचं वचन दिलं, पैसे घेतले, सेवा दिली नाही. तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडूनच स्क्रीनशॉट दाखल करा. रोख दिलेल्या १ लाख ४० हजारांचं मात्र कठीण आहे. कच्ची पावती, बँकेतून काढल्याची नोंद, सोबतचा मित्र साक्षीला, जे असेल ते गोळा करा. समोरचा म्हणणार की बेकायदा काम तुम्हीच सांगितलं. त्यात तथ्य आहे, त्यामुळे सगळी रक्कम परत मिळेल असं मी तुम्हाला सांगणार नाही. मूळ इंजिन परत बसवण्याचा खर्च आणि नोंदीच्या नावाखाली घेतलेली रक्कम, एवढ्यावर तो बाहेरच मिटवायला तयार झाला तर मिटवा.

सगळं करूनही आरटीओने नोंदणी रद्द केलीच, तर आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांत कलम ५७ खाली अपील आहे. ते फेटाळलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका, आणि त्यासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात. नोंदणी वाचली तर नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या साठ दिवसांत करता येतो. इंजिन जागेवर बसून तपासणीचा शेरा मिळेपर्यंत तो भरू नका, नाहीतर तोच नंबर पुन्हा तपासणीत अडकेल.

खुलाशाचा मसुदा, नोटीस आणि आरसीच्या दोन्ही बाजूंची प्रत घेऊन तुमच्या वकिलांकडे या आठवड्यातच जा. आणि आरसीवरचा पत्ता जुना असेल तर खुलाशात आत्ताचा पत्ता लिहा. पुढची नोटीस रजिस्टर पोस्टाने आरसीवरच्या पत्त्यावर जाते, आणि ती तुम्हाला मिळाली नाही तरी तीस दिवस मोजले जाण्याची भीती असते.