गाडीचं दुखणं : चाकात जातं फिरतंय

प्रश्न : काका, माझी 2004 सालची मारुती 800 आहे. मी गुहागरला राहते. कामासाठी आठवड्यातून दोनदा धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालून दाभोळला उतरते आणि दापोलीला जाते. गेले दोन महिने काटा चाळीसवर गेला की पुढून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. साठला तर शेजारी बसलेल्या आईशी ओरडून बोलावं लागतं. आई म्हणते, आवाज तिच्या पायाखालून येतो. एका मेकॅनिकने पुढच्या दोन्ही चाकांची बेअरिंग बदलायला सांगितलीत. दुसरा म्हणतो टायर खाल्लेत. तिसरा म्हणतो, खोलून बघू. कोणाचं ऐकू?
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : ताई, पहिला बरोबर असेल, दुसराही असेल. पण तिसऱ्याचं ऐकू नका.

तुमच्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला दोन बेअरिंग असतात आणि ती नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या ओतीव लोखंडी भागात, घट्ट ठोकून बसवलेली असतात. हब, म्हणजे चाक ज्याला बोल्टने बसतं तो मधला भाग, ओढून काढताना सगळा जोर आतल्या रिंगवरून गोळ्यांवर आणि गोळ्यांवरून बाहेरच्या रिंगवर जातो. गोळ्या रिंगमध्ये रुततात, खड्डे पडतात. म्हणजे बेअरिंग चांगलं होतं की वाईट, हे बघण्यासाठी काढलं की ते वाईट झालंच. म्हणून बेअरिंगच्या बाबतीत जे काय ओळखायचं ते न खोलता ओळखायचं.

हे मी चूक करून शिकलो. माझं शिक्षण एस.टी.च्या वर्कशॉपातलं. छोट्या गाड्यांचं काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी हेदवीच्या एका गृहस्थांच्या गाडीची दोन्ही बाजूची बेअरिंग आवाज ऐकल्याबरोबर बदलली. गाडी बाहेर काढली, तर आवाज तसाच. दोष टायरचा होता. जुनी बेअरिंग टेबलावर धुऊन बघितली, तर आत मी काढताना पाडलेल्या खुणांखेरीज काही नव्हतं. मजुरी आणि मालाचे पैसे परत दिले, पण त्या माणसाचे दोन दिवस मला परत देता आले नाहीत. तेव्हापासून रस्त्यावर स्वतः गाडी चालवून बघितल्याशिवाय मी चाकाला पाना लावत नाही.

तेव्हा आधी रस्त्यावर चला. शृंगारतळीच्या बाजूला सकाळी रहदारी नसताना गाडी साठवर न्या आणि न्यूट्रल करा. इंजिनाचा आवाज खाली बसेल. घूंऽ तसाच राहिला आणि गाडीचा वेग कमी होईल तसा उतरत गेला, तर दुखणं चाकाकडचं आहे. इंजिनाबरोबर तोही पडला, तर माझं पुढचं उत्तर तुमच्या कामाचं नाही. इंजिन बंद करून मात्र हे करू नका, ब्रेकला लागणारा जोर वाढतो.

आता वळणं. कोकणात ती शोधायला जावं लागत नाही. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, डाव्या वळणावर उजव्या. बेअरिंगच्या रिंगला खड्डे पडले असतील तर भार आल्यावर ते जास्त ओरडतं. म्हणून उजव्या वळणात आवाज वाढला आणि डाव्या वळणात दबला, तर बहुतेक वेळा डावं बेअरिंग. उलट झालं तर उजवं. आईंच्या पायाखालच्या आवाजावर मी बाजू ठरवणार नाही. पत्र्यातून आवाज कुठूनही कुठे जातो. उजव्या चाकाची घरघर डाव्या सीटखाली ऐकू आलेली मी अनेकदा बघितली आहे. पण त्यांना वळणावर शेजारी बसवा आणि आवाज कधी वाढतो तेवढं सांगायला सांगा. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर हवं.

टायरचा आवाज याच्याशी फार मिळताजुळता असतो, म्हणूनच दोन मेकॅनिकांची दोन मतं झाली. फरक रस्ता बदलला की कळतो. महामार्गाच्या काँक्रीटवरून डांबरावर उतरलात आणि आवाजाची जात बदलली, तर टायर. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते जात्यासारखं एकसुरी घरघरतं. टायरवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीच्या दातांसारखं लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडून टायर खाल्लेत. तरीही शंका राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घाला. आवाज मागे गेला तर बेअरिंगला हात लावायचं कारण नाही. या कामाला अर्ध्या तासाची मजुरी पडते.

वळताना टक-टक-टक वाजत असेल तर ते तिसरंच दुखणं, एक्सलच्या जॉइंटचं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही.

यानंतर चाक उचलायचं. सपाट जमीन, हँडब्रेक, मागच्या चाकांना लाकडी पाचर. जॅकखाली फळी घाला आणि उचलल्यावर गाडीखाली घोडी, म्हणजे आधाराचा लोखंडी स्टँड, लावा. आपल्याकडे हाताशी जांभ्याचा चिरा असतो म्हणून लोक घोडीच्या जागी चिरा ठेवतात. कृपा करून ठेवू नका. जांभा चांगला दिसतो आणि एका कडेवर भार आला की फुटतो.

चाक वर-खाली धरून हलवा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. खटखट झाली तर दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे हा ढिलेपणा, गेला तर तो बेअरिंगमध्ये आहे, कारण पॅडने हब पकडून ठेवला. तरीही खटखट राहिली तर नकलला खालून धरणारा बॉल जॉइंट बघा. तीन आणि नऊवर धरून हललं तर बहुधा टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक. मग गियर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला नुसती टेकवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटाला लागते, वाळूवरून काच ओढल्यासारखी. पॅड घासल्याची हलकी शिस्स-शिस्स ऐकून घाबरू नका, ती असतेच. दोन्ही बाजू करून बघा, फरक हाताला कळेल.

चाकात प्ले सापडला नाही म्हणून मेकॅनिक बेअरिंगला निर्दोष सोडतात, तेही बरोबर नाही. आवाज आधी येतो, प्ले फार नंतर. प्ले येईपर्यंत थांबलात तर आतली रिंग हबवर फिरायला लागते आणि हबही खाते. त्यापुढे चाकाचा भरवसा नाही. घरघर सुरू असताना परशुराम घाट उतरायची वेळ येऊ देऊ नका.

आणखी एक. 'नट आवळून देतो, आवाज जाईल' असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बसच्या पुढच्या चाकात टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरची, बेअरिंग असतात, तिथे नटाने प्ले जुळवतात. मीही सुरुवातीला तीच सवय घेऊन आलो होतो. तुमच्या गाडीत दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी नळी, आहे. नट फक्त सगळं एकत्र धरून ठेवतो. तो जास्त आवळून झिजलेली रिंग भरून येत नाही.

बेअरिंगच निघालं, तर ज्या बाजूचं आहे त्याच बाजूचं करा, पण त्या चाकातली दोन्ही बेअरिंग आणि पाणी-धूळ अडवणारं ऑइल सील नवं घ्या. 800चं उत्पादन 2014मध्ये थांबलं तरी हा माल मिळतो. पक्क्या बिलावर, खोक्यातून घ्या. काम प्रेस, म्हणजे दाबून बसवायचं यंत्र, असलेल्या ठिकाणी करा. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर आणि हब घालताना आतल्या रिंगला आधार, एवढं सांभाळलं नाही तर नवं बेअरिंग बसवतानाच जखमी होतं आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा घूंऽ. हब नट नवा, आणि तो टॉर्क रेंचने, म्हणजे किती आवळला ते दाखवणाऱ्या पान्याने. शेवटी अलाइनमेंट.

तुमच्या फेरीबोटीचा यात वाटा असू शकतो. चालून आलेला हब गरम असतो. भरतीच्या वेळी रॅम्पवर चाक खाऱ्या पाण्यात गेलं की तो एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तिथे दोन मिनिटं पाणी ओसरायची वाट बघितली तर बरं. घरी आल्यावर चाकं आतून गोड्या पाण्याने धुवा, साध्या पाइपने. प्रेशरचा फवारा सीलवर मारू नका, त्याने पाणी आतच जातं.

प्रश्न : पावसाळ्यात आमची छोटी गाडी अंगणात रात्रभर अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात होती. आता नीट चालते. बेअरिंगमध्ये ग्रीस भरून घ्यावं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुढच्या बेअरिंगमध्ये ती न काढता ग्रीस भरता येत नाही, आणि काढल्यावर काय होतं ते वर लिहिलंच आहे. जुलै 2021च्या पुरानंतर माझ्याकडे ज्या गाड्या आल्या, त्यांतल्या बऱ्याच पहिले काही महिने नीट चालत होत्या. आतलं ग्रीस पाण्याने दुधासारखं पांढरं होतं, मग गंज धरतो आणि आवाज त्यानंतर येतो. तेव्हा आता काही खोलू नका. गाडी उभी न ठेवता वापरात ठेवा. गियरबॉक्सचं तेल मात्र लगेच काढून बघा, दुधाळ निघालं तर बदला. दर महिन्याला चाक उचलून स्प्रिंगला बोटं टेकवा. मागच्या चाकांचे ड्रम उघडून ब्रेक साफ करून घ्या, तिथला चिखल तसाच राहिला असणार.