जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, स्वयंपाकात हात चांगला आहे आणि पोषणाचीही आवड आहे. तिन्ही मिळून काही काम करता येईल का?

येईल, आणि त्यासाठी नर्सिंग सोडायची गरज नाही. डायटिशियन आहाराचा तक्ता लिहून देतात, पण तो घरच्या गॅसवर उतरवून दाखवणारं सहसा कुणी नसतं. तुमचं काम तिथे आहे.

माझ्या मते सुरुवात राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी, अन्न देण्याची नळी) लावून घरी आलेल्या पेशंटपासून करावी. ट्यूब तुंबेल या भीतीने घरचे वरणाचं पाणी आणि पेज देत राहतात, आणि पेशंट वाळत जातो. घट्ट केलं तर ट्यूब खरंच तुंबते. यावर मोड आणून, वाळवून दळलेली नाचणी कामाला येते. 150 मिली दुधात थोडं पाणी घालून 15 ग्रॅम तांदळाचं पीठ शिजवा. गॅस बंद करून खीर 65-70 अंशांवर आली की अर्धा चमचा हे नाचणीचं पीठ ढवळा. पाच-दहा मिनिटांत ती पातळ होते, कारण मोडातलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्च तोडतं. उकळत्या खिरीत घातलं तर ते मरतं आणि खीर घट्टच राहते. पातळ झाल्यावर मात्र पुन्हा एक उकळी हवीच, कच्च्या पिठात जंतू असतात. मग 10 ग्रॅम साखर (मधुमेह असेल तर डायटिशियनला विचारूनच), 1 चमचा तेल, बारीक गाळणी, आणि उकळलेलं पाणी घालून 200 मिली. साधारण 230 कॅलरी मिळतात. प्रथिनं जेमतेम 6 ग्रॅम, म्हणून काही फीडमध्ये (ट्यूबमधून द्यायच्या अन्नात) मऊ शिजवून वाटलेली मूगडाळ हवी.

फीड देताना डोकं 30-45 अंश वर, आधी-नंतर ट्यूबमधून 30 मिली पाणी, गोळ्या फीडमध्ये कालवायच्या नाहीत, हे तुम्हाला पाठ असेल. घरच्यांना नसतं. फीड बाहेर दोन तासांवर ठेवू नये, हेही नसतं.

दुसरं काम किडनीच्या पेशंटचं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून पाणी फेकायचं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून उपयोग नाही. आणि ‘लो सोडियम’ मिठाची पुडी आधी शोधा. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि घरचे ते पथ्य म्हणून आणतात!

इग्नूचा पोषण व आरोग्य शिक्षणाचा डिप्लोमा बारावीनंतर करता येतो. त्याने समज वाढते, पण तुम्ही डायटिशियन होत नाही. कार्डावर तसं छापू नका, तक्ताही स्वतः बदलू नका. पथ्याचे डबे विकणार असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी लागते, नुसतं शिकवायचं असेल तर तो प्रश्न येत नाही. मी शिकवण्याचाच मार्ग घेईन.

पहिल्या भेटीत घरची वाटी पाण्याने मोजून घ्या. तक्त्यातली ‘एक वाटी’ कुणाकडे 100 मिली निघते, कुणाकडे 200.