वाचकांचे प्रश्न : ओट्यावरची मुंग्यांची रांग

प्रश्न : आमचे घर पुण्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बारीक, पिवळसर-लाल मुंग्यांची रांग बारा महिने असते. हळदीची रेघ, कोपऱ्यांत कापूर, साखरेच्या डब्यात लवंगा, व्हिनेगर, बाजारातला मुंग्यांचा खडू, सर्व करून झाले. प्रत्येक उपायाने दोन दिवस बरे वाटते आणि तिसऱ्या दिवशी रांग खिडकीऐवजी सिंकमागून सुरू होते. घरात लहान नात असल्यामुळे फवारणी करून घ्यायची नाही. घरगुती उपायांत काही तथ्य असते का?

उत्तर : तथ्य असते, परंतु आपण केलेले जवळजवळ सर्व उपाय मुंगीला अडवणारे आहेत, तिच्या वसाहतीपर्यंत पोहोचणारे नाहीत, म्हणूनच रांग बंद न पडता वाट बदलते. ओट्यावर दिसतात त्या केवळ कामकरी मुंग्या. राणी भिंतीतल्या फटीत किंवा लादीखाली असते, आणि ती अंडी घालते आहे तोवर मेलेल्या कामकऱ्यांची जागा भरून निघते. आपण वर्णन केलेल्या बारीक मुंग्यांच्या काही जातींत तर एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. अशा मुंग्यांवर फवारा मारला, तर वसाहत फुटून तिच्या दोन-तीन वसाहती होण्याचा संभव असतो. तेव्हा फवारणी टाळण्याचा आपला निर्णय नातीच्या काळजीपलीकडेही योग्यच आहे.

अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाची खूण सोडत जाते आणि बाकीच्या त्या खुणेवरून चालतात. ही खूण पुसायला साबणाचे पाणी पुरेसे आहे. व्हिनेगरनेही ती पुसते, पण जुन्या घरांतून ओटा बहुधा कडप्प्याचा असतो, आणि कडप्पा काय किंवा संगमरवर काय, चुन्याच्या जातीचा दगड आम्लाने खरवडला जाऊन त्याची चकाकी जाते. हळद आणि कापूर मुंगीला तात्पुरते दूर ठेवतात. कापूर उडून गेला किंवा हळदीवर पाणी पडले की त्यांचा प्रभाव संपतो. लवंगांपेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यावर माझा अधिक विश्वास आहे. खडूला मात्र घरगुती उपाय म्हणू नये. तो कीटकनाशक मिसळून केलेला असतो, दिसायला शाळेतल्या खडूसारखा असतो, आणि लहान मूल असलेल्या घरात तो ओट्यावर ओढणे मला मान्य नाही.

वसाहतीपर्यंत पोहोचणारा एकच उपाय मी खात्रीने सांगू शकेन, तो म्हणजे बोरिक पावडरचे आमिष. पूर्ण वाढ झालेली मुंगी घन अन्न गिळू शकत नाही. ती पातळ अन्न पोटात साठवून नेते आणि घरी गेल्यावर तोंडातून तोंडात वाटते. बोरिक पावडर सावकाश काम करणारे विष असल्यामुळे ते नेणारी मुंगी वाटेत मरत नाही आणि वाटणीतून ते राणीपर्यंत जाते. प्रमाण असे : १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे चहाच्या चमच्याने साखर अडीच सपाट चमचे आणि पावडर पाव चमचा. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण जास्त घातली तर लवकर मरतील असे वाटते. प्रत्यक्षात पावडर जास्त झाली की मुंग्या आमिष टाळतात किंवा घरी पोहोचण्याआधीच मरतात. पावडर औषधाच्या दुकानातून घ्यावी; कॅरमची पावडर म्हणून जे मिळते त्यात दुसरे काही मिसळलेले असू शकते.

या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून तो बाटलीच्या झाकणात ठेवावा आणि झाकण रांगेलगत, पण नातीचा हात पोहोचणार नाही अशा जागी सरकवावे. त्या दिवसांत रांग पुसू नये, आसपास हळद, खडू काही ओढू नये. पहिले एक-दोन दिवस मुंग्या वाढलेल्या दिसतील; हात शिवशिवले तरी त्यांना मारू नये, कारण आमिष आत नेण्याचे काम त्याच करीत असतात. बोळा दोन-तीन दिवसांनी बदलावा आणि एक ते दोन आठवडे वाट पाहावी. गोडाकडे त्या फिरकल्याच नाहीत, तर शेंगदाण्याच्या कुटात थोडे तूप आणि अगदी चिमूटभर बोरिक पावडर कालवून पाहावी; मुंग्यांची आवड ऋतूप्रमाणे बदलत असते. बोरिक पावडर पोटात गेल्यास माणसालाही अपाय होतो आणि ती दिसते मिठासारखी, म्हणून बरणीवर ठळक चिठ्ठी लावून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवावी. रांग थांबल्यानंतर साबणाच्या पाण्याने वाट पुसावी आणि फट पांढऱ्या सिमेंटने बुजवावी. आधी फट बुजवली, तर मुंग्या दुसरी शोधतात, हे आपण अनुभवले आहेच.

प्रश्न : आम्ही चिपळूणला राहतो. पावसाच्या तोंडावर मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून घरात शिरतात आणि माझ्या पाच महिन्यांच्या बाळाच्या पाळण्यापर्यंत जातात. सासूबाई रोज उंबऱ्यापाशी मुंग्यांना रवा-साखर घालतात. त्यांना दुखवायचे नाही. काय करावे?

उत्तर : आपण ज्यांना अंडी म्हणता ती बहुतांशी अळ्या आणि कोष असतात, खरी अंडी इतकी बारीक असतात की सहज दिसत नाहीत. जमिनीतल्या घरात पाणी शिरू लागले की मुंग्या पिल्ले घेऊन कोरड्या जागी जातात आणि कोकणातल्या पावसात आपल्या घराएवढी कोरडी जागा त्यांना जवळपास मिळत नाही. हे स्थलांतर बहुधा काही दिवसांचे असते.

पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची जुनी युक्ती चांगली आहे, मात्र ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून वाट्या घासाव्यात, नाहीतर मुंग्यांऐवजी डेंग्यूच्या डासांची सोय होईल. आपला पाळणा कड्यांना टांगलेला असेल, तर मुंग्या तुळईवरून कड्यांवाटे उतरतात; तेव्हा कड्यांच्या वरच्या भागाला, बाळाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर, एरंडेलात भिजवून पिळलेली कापडाची पट्टी गुंडाळावी आणि ती सुकू देऊ नये. दूध किंवा लाळ लागलेले दुपटे पाळण्यात राहू देऊ नये, कारण बऱ्याचदा मुंग्या त्यासाठीच येतात. पाळण्याभोवती हळद किंवा कोणतीही पूड टाकू नये. ती बाळाच्या श्वासात जाते. मुंगी चावलीच, तर जागा पाण्याने धुऊन गार पाण्याची घडी ठेवावी. चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास दिसला, तर घरी काहीही न करता थेट डॉक्टरांकडे न्यावे.

सासूबाईंचा नेम मोडायला सांगू नका. तोच रवा परसातल्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी घालावा, एवढीच विनंती करा. उंबऱ्यावर घातलेल्या साखरेपासून पाळण्यापर्यंतचे अंतर मुंगीला फार नसते.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या बाल्कनीत जास्वंदीच्या कुंडीवर काळ्या मुंग्या सतत चढतात. त्या झाड खातात का?

उत्तर : नाही. कोवळ्या शेंड्यांखाली पाहा, तेथे कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण किंवा बारीक मावा दिसेल. ते झाडाचा रस शोषून गोड, चिकट द्रव सोडतात. मुंग्या तो चाटतात आणि मोबदल्यात त्यांची राखण करतात. किडे ओल्या कापसाने पुसून काढावेत, मग १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण घालून संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. आठवड्याच्या अंतराने असे तीनदा करावे. किडे गेले की मुंग्या आपोआप पांगतात.

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या गावी वडिलांच्या घरात गमॅक्सिन पावडरचा जुना डबा सापडला आहे. मुंग्यांसाठी वापरावा का?

उत्तर : मुळीच नाही. एके काळी घराघरांत ही पावडर भिंतीकडेने टाकत असत, हे मला आठवते. परंतु ती ज्यापासून होत असे त्या बीएचसी नावाच्या कीटकनाशकावर भारतात १९९७ पासून बंदी आहे, कारण ते वर्षानुवर्षे मातीत टिकते आणि शरीरातील चरबीत साठते. डबा उघडू नये, विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये आणि जाळूही नये. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून, मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावा आणि जवळच्या नगरपालिकेत घरगुती घातक कचरा कोठे स्वीकारतात, याची चौकशी करून तेथे द्यावा.