चेकराइडमध्ये, म्हणजे पायलटच्या प्रात्यक्षिक चाचणीत, नापास झाल्यावर अमेरिकेत एअरलाइनची नोकरी मिळते का?

मिळते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडवण्याच्या परवानगीच्या) चेकराइडमध्ये एकदा नापास झालात म्हणून सगळं संपत नाही. मुलाखत घेणारे बघतात ते असं: किती वेळा, सुरुवातीला की अलीकडे, आणि तीच चूक पुन्हा पुन्हा होतेय का. तीन-चार चाचण्या नापास झाल्या असतील तर मात्र वाट अवघड होते, हे खरं.

लपवू अजिबात नका. २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं ३४०७ हे विमान कोसळून ५० जण गेले. कॅप्टनने आधीच्या सगळ्या नापास चाचण्या कंपनीला सांगितल्या नव्हत्या, हे तपासात निघालं. त्यानंतर २०१० मध्ये कायदा झाला, आणि आता नोकरी देण्याआधी कंपनी एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा) पायलट रेकॉर्ड्स डेटाबेस तपासते. नापास चाचण्या तिथे दिसतात. अर्जात ‘एकही नाही’ लिहिलंत आणि तिथे एक निघाली, तर नापास होण्यापेक्षा ते खोटंच जास्त नडतं.

विचारलं की परीक्षकावर ढकलू नका. ‘अप्रोचमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी खाली येताना, ठरलेल्या किमान उंचीच्या खाली गेलो, इन्स्ट्रक्टरबरोबर तेवढंच पुन्हा घोटलं, पुढच्या वेळी पास झालो,’ एवढं सरळ सांगा आणि थांबा.