दोन पंचमांश

प्रश्न : सप्रेम नमस्कार बाई. शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण होऊन मला अकरा महिने झाले. गणित हा माझा विषय. आतापर्यंत तेवीस शाळांमध्ये अर्ज केले. सहा ठिकाणी मुलाखतीला बोलावलं, दोन ठिकाणी नमुना पाठ घ्यायला सांगितला. हाती काहीच लागलं नाही. बऱ्याच शाळांनी तर नकारही कळवला नाही. ज्यांनी तोंडावर सांगितलं त्यांचं कारण एकच, अनुभव नाही. कामच कुणी देत नसेल तर अनुभव आणू कुठून?

गेल्या महिन्यातला पाठ सहावीचा होता, भिन्न छेद असलेल्या अपूर्णांकांची बेरीज. मी रंगीत पट्ट्या कापून नेल्या होत्या, टाचण दोनदा लिहून काढलं होतं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, "दोन पंचमांश." मी "नाही, चूक" म्हणाले आणि वेळ जाईल या भीतीने बरोबर उत्तर स्वतःच फळ्यावर मांडून दाखवलं. पाठ वेळेत संपला. मागे बसलेल्या तिघांपैकी कुणी काही विचारलं नाही. आठ दिवसांनी तीन ओळींचा ईमेल आला, दुसऱ्या उमेदवाराची निवड झाल्याचा.

तेव्हापासून अर्ज भरायला बसले की हात पुढे सरकत नाही. माझ्याबरोबरच्या दोघी मैत्रिणींना नोकरी लागली, त्यांचे फोन मी उचलत नाही. बाबा मला काही बोलत नाहीत, पण माझ्या नकळत ते ओळखीच्यांकडे माझ्यासाठी शब्द टाकतात हे परवा कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला शिकवताच येत नाही का? हे क्षेत्र सोडून द्यावं का?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या मुलापाशी येऊन थांबले. तुला 'तू' म्हणते आहे, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून.

त्या मुलाने काहीतरी ठोकून दिलं नव्हतं. एक आणि एक दोन, दोन आणि तीन पाच. वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. पूर्ण संख्यांची बेरीज तो इतकी वर्षं करत आला, तीच रीत त्याने इथे लावली. त्याच्या उत्तरामागे विचार होता आणि तो विचार मोडायचं साधन तुझ्या हातातच होतं. अर्धी पट्टी फळ्यावर लावायची, तिला तिसऱ्या हिश्श्याचा तुकडा जोडायचा आणि म्हणायचं, "अर्धी पट्टी तर आपल्याकडे आधीच होती. तिला आणखी एक तुकडा जोडला. मग उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं?" कारण दोन पंचमांश अर्ध्याहून लहान आहे. पट्टीवर ते डोळ्यांना दिसतं. एवढं विचारून तू गप्प राहायचंस.

गप्प राहणं अवघड असतं, हे मला ठाऊक आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एखादा सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीनएक सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी तोंड न उघडणारी मुलंही बोलू लागतात. मागे तिघं अनोळखी लोक बसलेले असताना तीन सेकंद युगासारखे वाटतात. तरी थांबायचं. मनातल्या मनात आकडे मोजले तरी चालेल, मी मोजायचे.

शाळेतून निवृत्त होण्यापूर्वी चौदा वर्षं मी निवड समितीत होते, म्हणजे तुझ्या मागच्या बाकावर बसलेल्यांपैकी एक. पाठ पाहताना माझ्या कागदावर सगळ्यात वर एकच ओळ लिहिलेली असे : चुकीचं उत्तर आल्यावर काय केलं? रंगीत तक्ते, सुवाच्य फळा, वेळेचं भान या गोष्टी त्याच्या पुष्कळ खाली. ज्याला पदवी मिळाली त्याला गणित येतं, हे आम्ही धरूनच चालायचो. गणित एखाद्या मुलाला कुठे अडेल आणि तिथून त्याला कसं पुढे न्यायचं, हे ज्ञान वेगळं असतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी 1986 साली या ज्ञानाला स्वतंत्र नाव देऊन मांडलं. विषयाच्या ज्ञानाहून आणि अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धतींहूनही ते निराळं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि माझा अनुभव शंभर टक्के तोच आहे. पाठ वेळेत संपवला म्हणून मी कुणाला कधी गुण दिल्याचं आठवत नाही. अर्ध्यावर राहिलेला पाठ मात्र एकदा सर्वांत जास्त गुण घेऊन गेला, कारण त्या तरुणाने एका मुलीच्या चुकीच्या उत्तरावर सात मिनिटं घालवली आणि शेवटी त्या मुलीनेच ते दुरुस्त केलं.

तेव्हा पुढच्या पाठाचं टाचण लिहिशील तेव्हा पानाच्या मधोमध उभी रेघ मार. डावीकडे तुझा प्रश्न. उजवीकडे मुलं देतील अशी दोन चुकीची उत्तरं आणि प्रत्येकाच्या खाली तू उलट काय विचारशील ते. आरशासमोर सराव करू नकोस, आरसा कधी चुकत नाही. शेजारपाजारचं एखादं मूल धर, खरं चुकणारं.

हे वाचून सगळा दोष तुझाच असं धरून बसू नकोस. आता मी जे सांगते आहे ते निवड समितीतली माणसं सहसा बाहेर बोलत नाहीत. एकदा दोन उमेदवार होते. एकीचा पाठ निःसंशय सरस होता. आम्ही दुसरीला घेतलं, कारण गणिताच्या तासिका पुरेशा नव्हत्या आणि विज्ञानही घेणारं कुणीतरी हवं होतं. पहिलीला पत्र गेलं ते तुला आलं तसंच, तीन ओळींचं. त्यात वेळापत्रकाचा उल्लेख नव्हता. मसुदा मीच केला होता, आणि खरं कारण लिहिलं असतं तर काहीही बिघडलं नसतं, ही बोच मला अजून आहे. कित्येकदा रजेच्या जागेवर वर्षभर काम केलेली व्यक्ती आधीच शाळेत असते आणि मुलाखती केवळ रीत म्हणून होतात. तुझ्या तेवीस अर्जांपैकी कुठे काय घडलं ते तुला कधीच कळणार नाही. जे कळण्याजोगं आहे तेवढं मात्र विचारून घे. नकार आल्यावर दोन-तीन दिवसांत आभाराचं छोटं पत्र पाठव आणि त्यात एकच प्रश्न ठेव : "माझ्या पाठात सुधारण्याजोगी एक गोष्ट सांगाल का?" "माझी निवड का झाली नाही" असं विचारलंस तर समोरचा सावध होतो, स्वतःचा बचाव करू लागतो. एक गोष्ट सांगायला माणूस तयार होतो. बरेच जण उत्तर देणार नाहीत. दिलंच कुणी तर तो कागद जपून ठेव.

अनुभवाचं म्हणशील, तर प्रशिक्षणात घेतलेले सराव पाठ हा अनुभवच आहे, फक्त तू तो दाखवत नाहीस. तीन पाठ निवड. प्रत्येकासाठी एक पान : काय ठरवलं होतं, कुठे फसलं, पुढच्या वेळी काय बदललं. मूल चुकलं तो वहीतला नमुना, नाव झाकून. 'दोन पंचमांश' हाच पहिला पाठ असू दे. माझ्यासमोर कुणी अशी फाईल ठेवली असती तर कोऱ्या अनुभवाच्या रकान्याकडे मी पाहिलंही नसतं. आणि तेवीस अर्जांना एकच मजकूर जोडला असशील, तर ते आजपासून बंद. महिन्यात चारच अर्ज कर, पण ती शाळा, तिथली मुलं आणि तिथे कोणते वर्ग आहेत हे वाचून केलेले.

आता मनाचं. नकार लागतो, अक्षरशः. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ, आणि मध्येच खेळणाऱ्याकडे चेंडू येणंच बंद. शारीरिक वेदनेचा त्रास होताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच वगळलं गेल्यावरही जागा झालेला त्यांना दिसला. तेव्हा तुझा हात चालत नाही यात तुझा दुबळेपणा नाही. लागलेल्या हातावर थोडे दिवस भार टाकायचा नसतो, इतकंच. एक आठवडा अर्ज नको. त्याऐवजी पाच दिवस रोज वीस मिनिटं लिही. त्या पाठाबद्दल, त्या ईमेलबद्दल, मैत्रिणींबद्दल, मनात येईल ते, कुणालाही न दाखवता. नोकरी गेलेल्या व्यावसायिकांकडून मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी असंच लिहून घेतलं होतं. तो अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. मनातलं लिहून काढणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळालं. अर्जांची संख्या वाढवल्यामुळे हे घडलं नव्हतं.

मैत्रिणींपैकी एकीला मात्र या आठवड्यातच फोन कर. तिने नमुना पाठात काय केलं ते विचार. रजेची जागा कुठे निघते आहे हे आधी शाळेतल्या माणसांना कळतं, आणि ती आता शाळेतली आहे.

बाबांबद्दल तुला लाज वाटली, ते वाचून माझा जीव कळवळला. आल्बर्ट आइन्स्टाइनला 1900 साली पदविका मिळाली आणि पुढे बराच काळ तो प्राध्यापकांना सहायकाच्या जागेसाठी पत्रं पाठवत राहिला. 1901च्या एप्रिलमध्ये त्याच्या वडिलांनी, हेरमान आइन्स्टाइन यांनी, मुलाच्या नकळत रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिलं. मुलगा खचला आहे, त्याला उमेदीचे दोन शब्द लिहावेत आणि जमलं तर जागा द्यावी, अशी विनंती होती. त्या पत्राचा काही उपयोग झाला नाही. मला त्या गोष्टीतला मुलगा फारसा दिसत नाही, कागदावर वाकलेला बाप दिसतो. तुझे बाबा तेच करत आहेत. त्यांना जवळ बसवून सांग की शब्द टाकायचाच असेल तर नोकरीसाठी टाकू नका, एखाद्या शाळेत आठवडाभर मागे बसून वर्ग पाहू देतील का, एवढंच विचारा. त्यांनाही काहीतरी करता येईल आणि तुला वर्ग मिळेल.

त्याच आल्बर्ट आइन्स्टाइनने पुढे झुरिकच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला. सोबत सापेक्षतेच्या सिद्धान्तासकट आपले शोधनिबंध जोडले. एकवीस अर्जदार होते, पहिल्या तिघांत त्याचं नाव नव्हतं. ही गोष्ट लोक समितीला हसण्यासाठी सांगतात. मला ती समिती चुकली असं वाटत नाही. शाळेला मुलांना गणित शिकवणारा माणूस हवा होता, आणि शोधनिबंधांवरून ते कळत नाही.

क्षेत्र सोडावं का? मला पहिल्या नऊ शाळांनी नकार दिला होता. एका ठिकाणी सांगितलं, आवाज लहान आहे, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. ते खरं होतं. मी घरात एका टोकाला उभी राहून पाठ घ्यायचे आणि आई दुसऱ्या टोकाच्या खोलीत बसून ऐकू आलं नाही की दारातून हात वर करायची. दोन महिने. तिला त्यातलं बीजगणित अवाक्षरही कळत नव्हतं. नंतर एका रजेच्या जागेवर चार महिने मिळाले आणि त्या चार महिन्यांनी पुढचं सगळं दिलं. तेव्हा तारीख ठरव, आजपासून वर्षभराची. तोवर पोटासाठी दुसरं काम करावं लागलं तर बिनदिक्कत कर. पण आठवड्यातून दोन दिवस तरी मुलांसोबत राहा, वाचनालयात, शिकवणीत, कुठेही. ती मुलं गेल्यावर तुला सुटल्यासारखं वाटू लागलं, तर मला पुन्हा लिही, मग सोडण्याबद्दल बोलू. महिनाभरानंतरही एका मुलाचं उत्तर जसंच्या तसं लक्षात ठेवणाऱ्या मुलीला असं वाटेल, यावर माझा विश्वास नाही.

प्रश्न : वय 41. सोळा वर्षं हिशेबनीसाचं काम केलं, आता प्रशिक्षण घेऊन शिक्षक व्हायचं आहे. प्रत्येक मुलाखतीत "या वयात कशाला?" असं विचारतात. काय सांगावं?

उत्तर : त्या प्रश्नात सहसा दोन शंका असतात. तुम्ही वयाने लहान मुख्याध्यापकांचं ऐकाल का, आणि दमून वर्षात सोडून जाल का. उत्तर त्या शंकांना द्या. "मुलांची आवड आहे" हे सगळेच म्हणतात, ते टाळा. सोळा वर्षांतला एखादा प्रसंग सांगा, ज्यात तुमच्याहून लहान माणसाने तुमची चूक दाखवली आणि तुम्ही ती मान्य करून सुधारलीत. दुसऱ्या शंकेसाठी, अर्ज करण्यापूर्वी एखाद्या शाळेत सलग दोन आठवडे पहिल्या तासिकेपासून शेवटच्यापर्यंत उभे राहा आणि मुलाखतीत तेच सांगा. पाय किती दुखले तेही सांगा.