घर बघण्याआधी वारा बघा

प्रश्न: ताई, ऑगस्टमध्ये आठ दिवस सेशेल्समधल्या एका छोट्या बेटावर समुद्राला लागून अख्खं घर भाड्याने घ्यायचा विचार आहे. आम्ही सहा जण, त्यात आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आणि मुलगा चार वर्षांचा. दोन घरं निवडून ठेवलीयेत. एक बेटाच्या आग्नेय बाजूला, मोठं, नवीन, फोटो बघून वेड लागेल असं. दुसरं वायव्य बाजूला, लहान आणि जरा जुनाट. रिव्ह्यू दोन्हीचे चांगले आहेत. घरात सगळ्यांचं मत मोठ्या घराला आहे पण मला उगाच धाकधूक वाटतेय. काय करावं?

उत्तर: लहान घर घ्या. तुमची धाकधूक उगाच नाहीये.

सेशेल्सला साधारण मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते सगळ्यात जोरात असतात, म्हणजे तुमच्या त्या मोठ्या घराच्या नेमके तोंडावर. समुद्र खवळलेला, लाटा उंच, किनाऱ्यावर शेवाळ येऊन पडलेलं, आणि पाण्यात ओढ एवढी की चार वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाण्यात उभं करायची पण भीती वाटावी. त्याच वेळी त्याच बेटाच्या वायव्य बाजूला डोंगराचा आडोसा असतो आणि पाणी बरंचसं शांत असतं. डिसेंबर ते मार्चमध्ये वारे वायव्येकडून येतात, तेव्हा हे सगळं उलटं होतं. म्हणून 'हा बीच चांगला का' हा प्रश्नच अर्धवट आहे, 'हा बीच ऑगस्टमध्ये चांगला का' असं विचारायचं. मोठ्या घराचे ते सुंदर फोटो खोटे आहेत असं मी म्हणत नाही, ते खरेच असतील, फक्त ते बहुतेक वेगळ्या महिन्यातले आहेत.

हे मी एवढं जीव तोडून सांगतेय कारण एकदा आम्ही स्वतः हे भोगलंय. सगळ्यात देखणं घर बघून बुक केलं आणि नेमकं वाऱ्याकडच्या बाजूला निघालं. सहा दिवस वारा एका क्षणासाठी थांबला नाही. समोरच्या काचेवर मिठाचा थर असा जमायचा की सकाळी ओल्या फडक्याने पुसली तर दुपारपर्यंत परत धूसर, व्हरांड्यात पुस्तक उघडलं की पानांत वाळू, दार आपटू नये म्हणून त्याला खुर्ची लावून ठेवलेली, आणि आम्ही सगळे घराच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघरात बसून. चौथ्या दिवशी सहज गाडीने बेटाच्या पलीकडे गेलो, अर्धा तास पण लागला नाही, तर तिथे पाणी आरशासारखं आणि लहान मुलं त्यात बसून खेळतायत. घरमालकाने आम्हाला काही खोटं सांगितलं नव्हतं. वाऱ्याचं आम्ही विचारलंच नव्हतं.

त्यामुळे रिव्ह्यू वाचताना स्टार मोजू नका, तारखा बघा. तुम्ही जाणार त्या महिन्यातले, गेल्या दोन-तीन वर्षांतले रिव्ह्यू तेवढे वेगळे काढा आणि त्यात वारा, लाटा, शेवाळ, पोहता आलं का, एवढंच शोधा. शंभरातले सहा मिळाले तरी ते सहा बाकीच्या चौऱ्याण्णवपेक्षा जास्त कामाचे. हे काही एका बेटापुरतं नाही. हवाईला व्यापारी वारे ईशान्येकडून येतात त्यामुळे तिथे पूर्वेची बाजू ओली आणि वाऱ्याची, पश्चिमेची कोरडी आणि आडोशाची, पण उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात आणि तोच किनारा उन्हाळ्यात शांत पडलेला असतो. कॅरिबियनमध्ये 2011पासून सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ भरमसाट येऊ लागलंय, ते जास्त करून अटलांटिककडच्या, वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर साचतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, घर कितीही छान असलं तरी खिडकी उघडवत नाही.

फोटोंकडे पण जरा वेगळ्या नजरेने बघा. सोफा, पलंग, पांढरे पडदे सोडून द्या. समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांचा फोटो असेल तर तो झूम करा, खालच्या दोन-तीन पायऱ्या हिरवट दिसतायत का? दिसत असतील तर भरतीचं पाणी रोज तिथपर्यंत येतं आणि त्या पायऱ्या निसरड्या असणार, तुमच्या आई-बाबांसाठी ते घर बाद. माडांची मुळं उघडी पडलीयेत का बघा, पडली असतील तर समुद्र वाळू खातोय. घरापुढे दगडी किंवा सिमेंटची भिंत असेल तर भरतीला वाळू उरते का ते नक्की विचारा, कारण अशा भिंतीवर आपटून लाटा पुढची वाळू ओढून नेतात आणि मग बीचफ्रंट घराला बीचच राहत नाही, नुसतं फ्रंट राहतं. वाळूवर वाळलेल्या शेवाळाची एक काळपट रेघ असते, ती शेवटच्या मोठ्या भरतीची खूण. त्या रेघेपासून व्हरांडा किती लांब आहे तेवढं फोटोवरून पण कळतं.

आणि आई-बाबांसाठी सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारा, जेट्टीपासून घरापर्यंत कसं जायचं आणि बेटावर दवाखाना कुठे आहे. काही बेटांवर गाड्याच नसतात, इंडोनेशियातल्या गिली बेटांवर तर जास्त करून सायकल नाहीतर घोडागाडी. तरुणांना ते फार आवडतं पण दुखऱ्या गुडघ्यांना बॅगा घेऊन वाळूतून चालणं जमत नाही.

प्रश्न: आम्ही बघितलेल्या घराबद्दल मालक म्हणतो घरासमोरच पोहता येतं, पण एका रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की 'दुपारी समुद्र गायब झाला'. घर झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. हे खरं असतं का?

उत्तर: दोघंही खरं बोलतायत. तो किनारा फार उथळ आहे, ओहोटीला पाणी अर्धा-अर्धा किलोमीटर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त आत जातं. मग उरतं ते सपाट ओलं मैदान, मधे डबकी, प्रवाळाचे खडक आणि त्यात समुद्री साळिंदरं म्हणजे काटेरी सी अर्चिन. दिसायला मला ते फार सुंदर वाटतं, फिरायला तर मस्तच, पण पायात जाड तळव्याचे बूट हवेत आणि पोहणं विसरायचं.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आणि रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी आठला भरती असेल तर आठवड्याने त्याच सुमारास जवळजवळ ओहोटी असणार. तर तुमच्या तारखा टाकून त्या जागेचा भरती-ओहोटीचा तक्ता काढा, नेटवर सहज मिळतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब पण जातं, अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. पोहायलाच जाणार असाल तर भांगाचे दिवस धरा, कारण तेव्हा ओहोटीला पण पाणी त्यातल्या त्यात जवळ राहतं.

मालकाला 'समुद्र किती जवळ आहे' असं विचारू नका, त्याला 'जवळच' हेच उत्तर येणार. असं विचारा: उधाणाच्या भरतीला व्हरांड्यापासून पाणी किती पावलांवर असतं, आणि ओहोटीला कंबरभर पाण्यात जायला किती मिनिटं चालावं लागतं? आणि आज ओहोटीच्या वेळी व्हरांड्यात उभं राहून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवा म्हणावं. चांगला मालक आनंदाने पाठवतो. टाळाटाळ केली तर मी पुढे जात नाही.

अजून एक गोष्ट, ही जिवाची आहे म्हणून सांगते. किनाऱ्यासमोर प्रवाळाची भिंत असेल तर आतलं पाणी शांत असतं पण त्या भिंतीला जिथे फट असते तिथून पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. ती फट कुठे आहे हे मालकाला माहीत असतंच, पोचल्या पोचल्या त्याच्याकडून हाताने दाखवून घ्या. कधी ओढीत सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे पोहायला जाऊ नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर पोहून आधी ओढीतून बाजूला व्हा आणि मग आत या.

प्रश्न: मला आणि मिस्टरांना फक्त शांतता हवीये, बाकी काही नको. जाहिरातीत तर सगळीच घरं शांत असतात. खरं शांत कसं ओळखायचं?

उत्तर: शांत बेटावर पहिला आवाज जनरेटरचा असतो. वीज कुठून येते ते विचारा, सोलर आणि बॅटरी असेल तर उत्तम, जनरेटर असेल तर तो किती ते किती चालतो आणि झोपायच्या खोलीपासून किती लांब आहे ते विचारा. दुसरं म्हणजे शेजारी बांधकाम. सॅटेलाइट नकाशावर बाजूला उघडी लाल-पांढरी जमीन दिसली तर थेट विचारून घ्या. बऱ्याच साइट्स बुकिंगच्या आधी घराची अचूक जागा दाखवत नाहीत, पण फोटोतला छपराचा रंग, जेट्टी, खडक यावरून घर सापडतं, मी तर यात तासन् तास घालवते आणि मला ते आवडतं पण. तिसरा आवाज पंप. लहान बेटांवर गोडं पाणी म्हणजे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर, जास्त उपसा झाला की विहिरीला मचूळ पाणी येतं, त्यामुळे काही ठिकाणी टाकी भरायला पंप पहाटेच सुरू होतो. पाणी आंघोळीचं कसं आणि प्यायचं कसं, दोन्ही वेगवेगळं विचारा.

पण खरं सांगू का, पूर्ण आडोशाची, एक पान हलत नाही अशी जागा पण घेऊ नका. वारा पडला की पहाटे आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या येतात, डोळ्यांना नीट दिसत पण नाहीत, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत येतात आणि चावलेलं आठवडाभर खाजतं. त्या उडायला फार कमजोर असतात, नुसत्या पंख्याने पण लांब राहतात. म्हणून पलंगावर पंखा आणि व्हरांड्यात पंखा, हे मी वायफायच्या आधी बघते.

प्रश्न: बोट संध्याकाळी साडेपाचची स्वस्त पडतेय, आणि मालक साइट सोडून थेट पैसे पाठवा, कमी करतो म्हणतोय. दोन्ही वाचवावं का?

उत्तर: दोन्ही नाही. थेट पैसे पाठवलेत की काही झालं तरी साइट तुमच्या मदतीला येऊ शकत नाही. आणि विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण सहा-साडेसहाच्या सुमाराला मावळतो आणि पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो, लांबलेला संधिप्रकाश नसतो. अनोळखी जेट्टीवर बॅगा घेऊन अंधारात उतरायचं, रस्त्यावर दिवे नाहीत, मालकाचा फोन लागत नाही, नको. दुपारच्या बोटीने जा. परतताना शेवटची रात्र विमानतळाच्या बेटावर काढा, कारण हवा बिघडली की लहान बोटी बंद होतात. विमा काढणार असाल तर बुकिंग करतानाच काढा, वादळाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. अटलांटिकचा वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, दक्षिण हिंदी महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल.

प्रश्न: मालकाने कळवलंय की आम्ही जाऊ तेव्हा कासवांचा मोसम असेल, रात्री समुद्राकडचे दिवे बंद ठेवावे लागतील. मुलांना भीती वाटेल, दुसरं घर बघू का?

उत्तर: हेच घर घ्या, आणि मला तर वाटतं अशी सूचना देणारा मालक बाकीच्या गोष्टीतही नीट असणार. अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड म्हणजे समुद्रावरचं आकाश, पण घराचा दिवा चालू असला की ती उलटी जमिनीकडे चालत सुटतात आणि सकाळपर्यंत मरतात. मुलांना हे एवढं सांगितलं तरी ती स्वतःच दिवे बंद करत फिरतील. मागच्या खोलीत पडदे ओढून दिवा चालतो, आणि बाहेर जायला लाल उजेडाची छोटी बॅटरी बरोबर ठेवा, तीही वाळूकडे खाली धरून. रात्री किनाऱ्यावर खुर्च्या आणि मुलांनी केलेले खड्डे तसेच सोडू नका, वर चढणारी मादी त्यात अडकते.