२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे संगणकाशिवाय कसे सिद्ध झाले? तिचे आणखी कोणते गुणधर्म आहेत?

आपण विचारलेली संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. अशा रूपाच्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. ही संख्या मूळ असल्याचे लिओनहार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवून दिले.

एरवी एखादी संख्या मूळ आहे का हे ठरवायचे, तर तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. येथे वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे आहे आणि तोवर ४७९२ मूळ संख्या येतात. हाताने इतके भागाकार करणे म्हणजे शिक्षाच. परंतु या संख्येच्या रूपामुळे तिला वाटेल तो विभाजक चालत नाही. समजा, 'क' या मूळ संख्येने तिला निःशेष भाग जातो. मग २ च्या ३१ व्या घाताला क ने भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार (क − १) व्या घाताचीही बाकी १ च असते, आणि ३१ स्वतः मूळ असल्याने (क − १) ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम आहे, म्हणून त्याला ६२ ने भागल्यावरही बाकी १ च उरणार. शिवाय २ चा ३२ वा घात पूर्ण वर्ग असून त्याला क ने भागल्यास २ उरतात, त्यामुळे क ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ एवढीच बाकी संभवते.

दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागून १ किंवा ६३ उरायला हवेत. ४६३४० पर्यंत अशा संख्या, १ आणि ६३ वगळता, अवघ्या ३७२ भरतात, आणि त्यांतल्याही पुष्कळ संयुक्त असल्याने आपोआप गळतात: २४९ ला ३ ने, ४९७ ला ७ ने भाग जातो. पहिला खरा उमेदवार ३११. तो भागाकार मी कागदावर करून पाहिला. उत्तर ६९०५०९२ आले, बाकी ३५. त्यानंतरचा उमेदवार थेट १३०३.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज तिच्या सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते.

संगणकात ३२ बिटांत (० किंवा १ अशा ३२ अंकांत) साठवल्या जाणाऱ्या चिन्हांकित, म्हणजे धन किंवा ऋण असू शकणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादाही हीच संख्या आहे. मात्र ती मूळ असणे हा तेथे निव्वळ योगायोग होय, कारण ६४ बिटांच्या मर्यादेला, म्हणजे २ चा ६३ वा घात वजा १ हिला, ७ ने सरळ भाग जातो.

हीच संख्या घातांक म्हणून घेतली, तर २ चा २१४७४८३६४७ वा घात वजा १ ही संख्या मात्र संयुक्त निघते. तिचा २९५२५७५२६६२६०३१ हा विभाजक वरच्याच नियमात बसतो: त्यातून १ वजा केल्यास २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ उरतात.